परलोकाचा हिशेब इहलोकात

दशक्रियेच्या दिवशी घाटावर पिंड मांडून झाले की सगळे जण मागे सरून उभे राहतात. कावळा लगेच शिवला तर बायकापुरुष मोकळा श्वास घेतात; गेलेल्याचा जीव कशात अडकला नव्हता. शिवला नाही तर कुजबुज सुरू होते. मग घरातलं कुणी वडीलधारं माणूस पुढे होऊन हात जोडतं आणि बोलू लागतं : धाकट्याचं शिक्षण आम्ही पुरं करू. पोरीचं लग्न मामा लावून देईल. वहिनींना कुणी अंतर देणार नाही. नाशिकला रामकुंडावर, पैठणला गोदाकाठी किंवा एखाद्या गावच्या आटत चाललेल्या ओढ्यापाशी हे असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववण्याची सोय आहे. पण ती वापरण्याआधी लोक बराच वेळ थांबतात, आणि त्या वेळात आणखी काही वचनं दिली जातात.

या विधीला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारता येईल. मला त्यात वेगळंच काही दिसतं. त्या वेळी मृताला जे सांगितलं जातं, ते सगळं जिवंतांविषयी असतं. विधवेचं काय, अर्धवट राहिलेल्या घराचं काय, फिटायच्या राहिलेल्या कर्जाचं काय. एरवी भावकीत जी गोष्ट कुणी तोंडातून काढली नसती, ती चार लोकांसमोर, मेलेल्या माणसाला साक्षी ठेवून कबूल केली जाते. पुढे शब्द पाळला जातोच असं नाही. पण मरणोत्तर जीवनावरची श्रद्धा आजच्या जगण्यात नेमकं काय करते, हे पाहायचं असेल तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांइतकंच या घाटाकडेही पाहावं लागेल.

आत्मा आहे की नाही, तो कुठे जातो, परत येतो का, हा वाद अडीच-तीन हजार वर्षं चालू आहे आणि या लेखात तो सुटणार नाही. या आढाव्यात मी दुसरा प्रश्न धरला आहे : अशा श्रद्धेने, किंवा ती नाकारल्याने, जिवंत माणसांचं एकमेकांशी असलेलं देणंघेणं वाढतं की आटतं? मला असं वाटतं की आपल्या परंपरेतली खरी फूट आस्तिक आणि नास्तिक यांच्यात पडलेली नाही. ती पडली आहे परलोकाचा हिशेब स्वतःला लावणारे आणि तोच दुसऱ्याच्या दुःखाला लावणारे यांच्यात.

लोकांच्या मनात या गोष्टींचं वजन कसं आहे, याची थोडी कल्पना अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीवरून येते. २०१९च्या अखेरीस आणि २०२०च्या सुरुवातीला भारतभर सुमारे ३०,००० प्रौढांशी बोलून केलेली ही पाहणी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ७७ टक्के हिंदूंनी कर्मावर विश्वास असल्याचं सांगितलं. पुनर्जन्मावर विश्वास असल्याचं मात्र ४० टक्क्यांनीच. मुसलमानांतही कर्म मानणारे ७७ टक्केच निघाले, आणि पुनर्जन्म मानणारे २७ टक्के. शास्त्राच्या दृष्टीने हे आकडे चक्रावून टाकणारे आहेत. कर्म आणि पुनर्जन्म ही एकाच सिद्धांताची दोन अंगं, आणि इस्लामच्या मूळ शिकवणीत तर पुनर्जन्माला जागाच नाही. पण लोकांनी आपल्यापुरती निवड केली आहे. करावं तसं भरावं लागतं, यावर त्यांचा गाढ विश्वास आहे. कुठे आणि कोणत्या जन्मी भरायचं, याबद्दल ते तितके ठाम नाहीत. म्हणजे परलोकाचा नकाशा पुसट झाला तरी न्यायाची अपेक्षा पुसट होत नाही.

हा नकाशा मुळात तरी कुठे एकसारखा होता? ऋग्वेदातला यम हा पहिला मेलेला माणूस. त्याने वाट शोधली आणि बाकीचे पितर त्याच वाटेने गेले. तिथे पुन्हा जन्म घेण्याची कल्पना स्पष्टपणे दिसत नाही. ती उपनिषदांत येते, आणि येते तीही काहीशी चोरपावलांनी. बृहदारण्यकात जारत्कारव आर्तभाग याज्ञवल्क्याला भर सभेत विचारतो की माणूस मेला, त्याची वाणी अग्नीत, प्राण वायूत, डोळे सूर्यात मिसळले, मग तो माणूस उरतो कुठे? याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला बाजूला नेतो. हे लोकांत बोलायचं नाही, म्हणतो. दोघं बाजूला जाऊन जे बोलले ते कर्माविषयी होतं : चांगल्या कर्माने माणूस चांगला होतो, वाईट कर्माने वाईट. एवढ्या मोठ्या प्रश्नाला दिलेलं हे उत्तर मला फार प्रामाणिक वाटतं. आत्म्याच्या मुक्कामाचं वर्णन करायचं टाळून ते थेट आचरणावर येतं.

छांदोग्यात मात्र एक पाऊल पुढे पडलं आहे, आणि त्या पावलाची किंमत पुढच्या असंख्य पिढ्यांनी मोजली. राजा प्रवाहण जैवलि उद्दालक आरुणीला पंचाग्निविद्या सांगतो. ही विद्या याआधी ब्राह्मणांकडे गेली नव्हती असंही सांगतो. त्याच ओघात येतं की ज्यांचं आचरण रमणीय, ते ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत जातात. ज्यांचं निंद्य, ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या. याज्ञवल्क्याने सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या पुढच्या वागण्याबद्दल होती. इथे तीच गोष्ट समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मागच्या जन्माबद्दल झाली. चांडाळ समोर दिसतो आहे म्हणजे त्याने पूर्वी काहीतरी केलं असणार, असा उलटा तर्क सुरू झाला की त्याला रोखणं कठीण असतं.

कठोपनिषदातल्या नचिकेताची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती तिसऱ्या वरामुळे : मेल्यानंतर माणूस असतो की नसतो ते सांग. यम त्याला गाई, हत्ती, सोनं, दीर्घायुष्य देऊ करतो आणि तो नाकारतो. पहिला वर आपण विसरतो. बापाने रागाच्या भरात मृत्यूला देऊन टाकलेला हा मुलगा यमाच्या दारी तीन दिवस उपाशी राहतो आणि पहिल्यांदा मागतो ते इतकंच की बापाचा राग शांत व्हावा, मी परत गेलो की त्याने मला ओळखावं, प्रेमाने बोलावं. मरणापलीकडचं गूढ विचारण्याआधी त्याने घर नीट करून घेतलं.

चार्वाकांचं मूळ लेखन नष्ट झालं. त्यांचे विचार आपल्याला कळतात ते बहुतेक विरोधकांच्या ग्रंथांतून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’ची सुरुवातच त्यांच्यापासून होते. त्यांचा श्राद्धावरचा आक्षेप साधा आहे. इथे वाढलेलं अन्न मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी बांधून घ्यायची गरज काय? घरी वाढावं, त्याला वाटेत मिळेल. चार्वाक म्हणजे केवळ खा-प्या-मजा करा, ही प्रतिमा आ. ह. साळुंखे यांनी ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ या पुस्तकात तपासून दूर केली आहे. मला त्यांची गरज दुसऱ्या कारणाने वाटते : परलोकाच्या नावाने इथे कोण काय घेऊन जातं, हा प्रश्न त्यांनी सर्वांत आधी विचारला.

बुद्धाची जागा उपनिषदं आणि चार्वाक या दोहोंच्या मधली नाही, ती स्वतंत्र आहे. तथागत मरणोत्तर असतो की नसतो, या प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही. मालुंक्यपुत्ताला त्याने विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली : बाण कुणी मारला, धनुष्य कशाचं होतं हे कळेपर्यंत जो बाण काढू देत नाही, तो मरून जाईल. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अंगुत्तर निकायातला कालामांना केलेला उपदेश अधिक मोलाचा आहे. ऐकीव म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हा त्यातला भाग वारंवार सांगितला जातो. शेवटचा भाग क्वचित. तिथे बुद्ध म्हणतो, ज्याचं मन वैररहित आहे त्याला चार आश्वासनं आहेत. परलोक असेल तर त्याला चांगली गती मिळेल. नसेल तर याच लोकी तो निर्वैर आणि सुखी आहे. वाईटाचं वाईट फळ मिळत असेल तर त्याने वाईट केलेलंच नाही. मिळत नसेल तर दोन्ही बाजूंनी तो शुद्धच आहे.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पास्कालने असाच युक्तिवाद केला. तो पैज म्हणून प्रसिद्ध आहे. देव आहे असं मानून चाला. असला तर अपार लाभ, नसला तर फारसं नुकसान नाही. दोन्हींत एक फरक आहे आणि तो मोठा आहे. पास्कालचा डाव मानण्यावर आहे. बुद्धाने कालामांना काहीच मानायला सांगितलं नाही. त्याचा भर वागण्यावर आहे, आणि ते वागणं परलोक असो-नसो, दोन्हीकडे टिकतं. या विषयावर इतकं स्वच्छ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आता मराठी मुलुखाकडे. वारकरी संतांनी परलोकाच्या व्यवहारात एक अनपेक्षित गोष्ट केली : मोक्ष नको म्हणाले. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हे ज्या संस्कृतीने परमध्येय मानलं, तिथे तुकोबा देवाकडे मुक्ती मागत नाहीत. नामस्मरण आणि संतांची संगत मिळत असेल तर खुशाल पुन्हा गर्भवासाला घाल, असं सांगतात. ज्याच्या भीतीने पोथ्यांच्या पोथ्या लिहिल्या गेल्या, तो गर्भवास त्यांनी आनंदाने पत्करला, कारण त्यांना जे हवं होतं ते इथेच होतं, वाळवंटात, दिंडीत, माणसांत. इहलोकाची थोरवी सांगणारा यापेक्षा मोठा विचार नास्तिकांनाही सुचलेला नाही.

पण याच परंपरेत चोखामेळा आहे, आणि त्याच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एका अभंगात तो आपल्या महार जन्माचं कारण सांगतो : मागच्या जन्मी कृष्णाची निंदा घडली, त्याचं हे फळ. विटाळ हा पूर्वीचा ठेवा आहे असं तो म्हणतो. विठ्ठलाच्या दारात ज्याला आत घेतलं नाही, त्या माणसाने आत न घेण्याचं समर्थन स्वतःच्याच पूर्वजन्मात शोधलं. १३३८मध्ये मंगळवेढ्याला वेठीवर कुसू बांधताना ते कोसळून तो मेला. कथा अशी की नामदेवांनी ढिगाऱ्यातली त्याची हाडं विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून ओळखली, आणि त्याची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, म्हणजे बाहेरच, बांधली गेली. छांदोग्यातलं ते एक वाक्य दीडदोन हजार वर्षांनी एका निष्पाप, प्रतिभावान माणसाच्या मनात किती खोल जाऊन बसलं होतं, ते या अभंगात दिसतं. अन्याय करणाऱ्याला याहून स्वस्त सोय मिळणार नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तोच त्याची पावती लिहून देतो.

चोख्याचा मुलगा कर्ममेळा मात्र ही पावती फाडतो. तो विठ्ठलालाच विचारतो की आमची जात तूच हीन केलीस, हे तुला कळत कसं नाही? उष्टं खाण्यात जन्म गेला, तुझ्या मनाला लाज कशी वाटत नाही? बाप आणि मुलगा, दोघंही भक्त, दोघंही देव मानणारे. बापाने हिशेब पूर्वजन्मावर टाकला. मुलाने तो समोरच्या देवाकडे, आणि पर्यायाने समोरच्या जगाकडे मागितला. मराठीतल्या समतेच्या विचाराची सुरुवात कुठून धरायची यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी ती या घरातल्या दोन पिढ्यांमधल्या अंतरापासून धरीन.

हा तर्क जातीपुरता थांबला नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाने कोणता रोग आणि व्यंग येतं याची यादीच आहे : सोनं चोरणाऱ्याची नखं किडतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो, गुरुपत्नीगमन करणाऱ्याला त्वचारोग. पुढे कर्मविपाक नावाचा ग्रंथांचा एक प्रकारच तयार झाला. कुष्ठरोग्याच्या वाट्याला त्यातून काय आलं, ते कुठल्याही तीर्थक्षेत्राच्या पायऱ्यांवर दिसत होतं. नॉर्वेच्या हॅन्सनला कुष्ठरोगाचा जंतू १८७३मध्ये सापडला. आपल्याकडे त्या रोगाला महारोग आणि पूर्वजन्मीचं पाप म्हणणं त्यानंतरही कित्येक दशकं चालू राहिलं. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं तेव्हा त्यांना जंतूंशी आणि खडकाळ जमिनीशी झगडावं लागलं, तसंच या कल्पनेशीही. भीक मागणारे हात शेती करू लागले, विणू लागले, घरं बांधू लागले, तेव्हा कुठे मागच्या जन्माचा विषय हळूहळू मागे पडला.

१८७३ हेच सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचंही वर्ष. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या जन्माआधीपासून मरणानंतरपर्यंत त्याच्याकडून कोणकोणत्या निमित्ताने पैसा उकळला जातो, याचा पाढाच वाचला आहे. त्यांचा मुद्दा पैशाचा होता, आणि तो क्षुद्र मुद्दा नव्हता. मेलेल्याच्या गतीसाठी काढलेलं कर्ज जिवंत मुलाच्या शाळेतून आणि बैलांच्या चाऱ्यातून वसूल होतं. युरोपात १५१७मध्ये मार्टिन लूथर पेटून उठला तो याच कारणाने : मृतांच्या आत्म्याच्या सुटकेसाठी चर्च जिवंत गरिबांकडून पैसे घेत होतं. पुढे गाडगेबाबांनी खेड्याखेड्यात, खराटा हातात घेऊन, तीच गोष्ट शेतकऱ्यांच्या बोलीत सांगितली. कर्ज काढून दिवस घालू नका, पोरांना शिकवा. गाडगेबाबा देव मानत. म्हणूनही असेल, लोकांना ते परके वाटले नाहीत.

ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२चं. सात जन्म तोच नवरा मिळावा म्हणून वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायकांच्या समाजात बसून या बाईंनी विचारलं की सावित्री नवऱ्याच्या प्राणासाठी यमाच्या मागे गेली, पण बायकोचे प्राण परत मागायला कुणी नवरा यमाच्या दरबारी गेल्याचं ऐकलं आहे का? वैधव्य हे बाईच्या पूर्वपापाचं फळ मानून तिचं मुंडन करणाऱ्या त्या काळात एवढं लिहायला काय लागलं असेल, ते आज कल्पनेनेच जाणायचं. पुढच्या जन्मांची सगळी जबाबदारी बाईवर आणि या जन्माचे सगळे हक्क पुरुषाकडे, ही वाटणी त्यांनी नेमकी पकडली.

या सगळ्या धाग्यांची गाठ बाबासाहेब आंबेडकरांनी मारली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेतच ते विचारतात की बुद्धाने आत्मा नाकारला, मग कर्म आणि पुनर्जन्म कसे उरतात? त्यांचं उत्तर असं की बुद्धाचा कर्मनियम हा या जगाच्या नैतिक व्यवस्थेचा नियम आहे. गेल्या जन्मीच्या कर्माने आजची स्थिती ठरते हा सिद्धांत त्याचा नव्हे. आणि असा सिद्धांत कुणाच्या सोयीचा आहे हेही ते स्पष्ट सांगतात : दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, यापलीकडे त्याचा काही उपयोग दिसत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष न करण्याची आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, तिचा अर्थ या संदर्भात वाचायला हवा. चोखामेळ्याने लिहून दिलेली कबुली सहाशे वर्षांनी, लाखोंच्या साक्षीने, परत घेतली गेली.

तरीही कर्मसिद्धांताची दुसरी बाजू मांडली नाही तर हा आढावा अन्याय करील. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. कर्म म्हणजे दैववाद नव्हे, असं ते तिथे हिरिरीने मांडतात. जे भोगायला सुरुवात झाली ते भोगावं लागेल, पण पुढचं घडवण्याचं स्वातंत्र्य माणसाच्या हाती आहे. सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या, मधुमेहाने शरीर पोखरलेल्या, बायकोच्या मृत्यूची बातमी कोठडीत ऐकावी लागलेल्या माणसाला या विचाराने उभं ठेवलं असेल, तर तो विचार पळवाट नव्हता. माझ्या ओळखीच्या अनेक वयस्कर बायका ‘माझं प्रारब्ध’ म्हणतात तेव्हा त्या हात टेकलेल्या नसतात. त्या पहाटे उठून पुन्हा कामाला लागलेल्या असतात. स्वतःच्या दुःखाला कुणी असं नाव दिलं तर त्याला धीर म्हणतात. तेच नाव शेजारच्या घरातल्या दुःखाला दिलं की दार लावून घेता येतं. सिद्धांत तोच, पण बोट कुणाकडे वळलं आहे यावर त्याचं माणूसपण ठरतं.

इतर धर्मांमध्ये परलोकाची रचना निराळी आहे, पण जिवंतांवर तो जी कामं सोपवतो त्यांत विलक्षण साम्य आढळतं. इस्लाममध्ये जन्म एकच. मरणानंतर कयामतीपर्यंतचा बरजख, मग आखिरत, तिथे ज्याचा त्याचा निवाडा. हिशेब दुसऱ्या जन्मावर ढकलता येत नाही, म्हणून हातातल्या आयुष्याला मोठी निकड येते. हदीसमध्ये सांगितलं आहे की माणूस मेला की त्याची कर्मं थांबतात, तीन सोडून : चालू राहणारं दान, लोकांना उपयोगी पडणारं ज्ञान, आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक संतान. यातल्या पहिल्याला सदका-ए-जारिया म्हणतात. खणलेली विहीर, लावलेलं झाड, बांधलेला मदरसा किंवा दवाखाना : जोवर लोक वापरतात तोवर पुण्य पोचत राहतं. मेलेल्याचं भलं जिवंतांच्या तहानेशी बांधून टाकणारी ही कल्पना मला फार देखणी वाटते.

पारशी श्रद्धेप्रमाणे आत्मा तीन दिवस देहाजवळ घोटाळतो आणि चौथ्या पहाटे चिन्वत पुलावर त्याचे विचार, उच्चार आणि कृती तोलल्या जातात. तिसऱ्या दिवशी दुपारी उठमणा होतो. गेलेल्याच्या स्मरणार्थ कुणी कोणत्या कामाला किती देणगी देणार, हे त्या वेळी जाहीर करण्याची जुनी पद्धत आहे. मुंबईतल्या कितीतरी दवाखान्यांवर, शाळांवर, धर्मशाळांवर पारशी नावं का आहेत, याचा काही अंश तरी या पद्धतीत सापडतो. जरथुष्ट्री विचारात नरकही कायमचा नाही. शेवटी सगळी सृष्टी शुद्ध व्हायची आहे आणि माणसाने इथे केलेलं प्रत्येक चांगलं काम त्याला हातभार लावतं. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत मात्र गेल्या काही दशकांत एक पेच उभा राहिला. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे देशभरातली गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६मध्ये बंदी आली, तोवर उशीर झाला होता. देह निसर्गाला परत देण्याची इतकी जुनी रीत एका औषधाने अडवली. परलोकाकडे जाण्याची वाटसुद्धा इथल्या पशुपक्ष्यांच्या प्रकृतीवर अवलंबून असते, हे यातून फार कटूपणे कळलं.

वसईत आणि गोव्यात २ नोव्हेंबरला कबरी धुऊन, फुलं आणि मेणबत्त्या लावून सजवतात. शुद्धिस्थळात असलेल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेचा आधार मिळतो, ही कॅथलिक श्रद्धा. तिच्यामुळे मेलेल्याशी नातं तुटत नाही, काहीतरी करण्यासारखं हातात उरतं. याची किंमत सुधारकांना कमी कळली असं मला वाटतं.

पुनर्जन्माच्या पुराव्याबद्दल थोडक्यात. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी मागच्या जन्माच्या आठवणी सांगणाऱ्या मुलांच्या शेकडो नोंदी गोळा केल्या. १९६६चं त्यांचं पुस्तक वीस प्रकरणांचं आहे. १९७०च्या दशकात नागपुरातल्या एका मराठी स्त्रीच्या तोंडून दीडशे वर्षांपूर्वीची बंगाली बाई बोलू लागली, त्या प्रकरणाचाही त्यांनी अभ्यास केला. त्या बाईंनी आधी थोडं बंगाली शिकलेलं होतं, हेही नोंदलेलं आहे. अशा नोंदींत आठवण, ऐकीव माहिती आणि घरच्यांची इच्छा वेगळी काढता येत नाही, हा आक्षेप मला योग्य वाटतो. शिवाय उद्या पुरावा मिळाला तरी कसं जगावं हा प्रश्न तिथेच राहील. कुणीतरी पुन्हा जन्मतो, एवढ्यावरून आजच्या विधवेशी कसं वागायचं ते ठरत नाही.

न मानणाऱ्यांचं काय? अमेरिकी तत्त्वज्ञ सॅम्युअल शेफलर यांनी २०१३च्या एका पुस्तकात विचारलं : तुम्ही पूर्ण आयुष्य जगाल, पण तुमच्या मरणानंतर तीस दिवसांनी पृथ्वी नष्ट होणार आहे असं कळलं, तर आजची कोणती कामं निरर्थक वाटू लागतील? कर्करोगावरचं संशोधन, कादंबरी, चळवळ, मुलं वाढवणं. बहुतेक सगळीच. म्हणजे स्वतःच्या मरणोत्तर जीवनावर ज्यांचा विश्वास नाही, तेही आपल्यामागे माणसं राहणार आहेत या एका गोष्टीवर आपलं जगणं टेकवून असतात. आगरकरांसारखा माणूस परलोकाची कसलीच आशा न ठेवता, दम्याने जर्जर होऊन, एकोणचाळिसाव्या वर्षी गेला, पण शेवटपर्यंत लिहीत राहिला. त्या लेखनातल्या सुधारणा पाहायला आपण नसू हे त्यांना ठाऊक होतं. लिहिणं थांबवायला ते कारण त्यांना पुरलं नाही.

न मानणाऱ्यांपुढची खरी अडचण अर्थाची नाही, शोकाची आहे. मरणाच्या घरात तेरा दिवस करायचं काय? पिंडदान सोडलं की त्या जागी काही हवं. महाराष्ट्रातल्या बौद्ध समाजाने हे लवकर ओळखलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक जमतात, वंदना होते, गेलेल्याने काय केलं ते बोललं जातं, संस्थेला किंवा विहाराला दान दिलं जातं. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर येणारी माणसं परत जाताना पुस्तकं घेऊन जातात, हाही एक प्रकारचा स्मृतिविधीच आहे. इतर विवेकवादी कुटुंबांत मात्र अनेकदा अंत्यविधी संपला की घर रिकामं होतं आणि मागे राहिलेली बाई एकटी पडते. विधी नाकारताना त्या निमित्ताने जमणारी माणसं नाकारली जाऊ नयेत, याची काळजी घ्यायला हवी.

शेवटी एक प्रश्न असा आहे, जिथे या श्रद्धांची गाठ आजच्या एका अगदी व्यावहारिक निर्णयाशी पडते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढले गेले तर त्यातला कॉर्निया वापरता येतो, आणि एका माणसाच्या नेत्रदानातून दोन अंध व्यक्तींना दृष्टी मिळू शकते. नेत्रदानासाठी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना घराघरात एक भीती भेटते : डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळं जन्मावं लागेल. किंवा वर डोळ्यांविना कसं जाणार? याला हसणारा कार्यकर्ता हात हलवत परत येतो, कारण त्या घरात आत्ताच कुणीतरी गेलेलं असतं. जे कार्यकर्ते ही भीती खरी मानून तिच्याशी बोलतात, ते दधीचीची गोष्ट सांगतात, ज्याने वज्रासाठी आपली हाडं दिली. कर्म मानत असाल तर दुसऱ्याला दृष्टी देण्याचं फळ अंधत्व कसं असेल, असं विचारतात. मुसलमान घरात चालू राहणाऱ्या दानाचा दाखला देतात. आणि न मानणाऱ्या घरात फक्त त्या दोन माणसांबद्दल बोलतात. चौघांचे परलोक चार दिशांना आहेत, पण अर्जावर सही करायला सगळ्यांकडे तेवढेच सहा तास असतात.